वयाची गणिते

“सर, वयाची गणितं कधी घेणार?” पहिल्या बाकावरच्या नीलाने विचारले आणि फळ्यावरच्या हौदाला दुसरा नळ काढता काढता प्रधान सरांचा खडू तिथेच थांबला.

मुलुंडच्या त्या मुलींच्या शाळेत अकरावीला, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकला, बीजगणित शिकवणारे मार्तंड प्रधान एकटेच. शाब्दिक उदाहरणांत त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. गळके हौद, प्रवाहाविरुद्ध जाणाऱ्या होड्या, चारच दिवस काम करून पळून जाणारे मजूर, सगळे ते असे रंगवून सांगत की गणिताच्या नावाने थरथर कापणारी मुलगीसुद्धा मान वर करून ऐके. वयाचा धडा आला की मात्र सर एकदम मागची उजळणी काढत. तीन वर्षे हे असे चालले होते. तीन वर्षांपूर्वी त्यांची अनू, लग्नानंतर अकरा वर्षांनी झालेली एकुलती एक मुलगी, नवव्या वर्षी घटसर्पाने गेली होती.

दुःख सरांचे आणि भोगायचे मुलींनी, असा हा उफराटा कारभार. गेल्या मार्चात बोर्डाने नेमके वयाचे उदाहरण घातले, आठ मार्कांना. त्यांच्या वर्गातली प्रेमा चार मार्कांनी नापास झाली. तिचे वडील सहदेव गिरणीतली पाळी बुडवून शाळेत आले आणि हात जोडून म्हणाले, “मास्तरांनू, चेडू नापास झाला. आता लगीन लावून टाकतंय तेचा.” ते चार शब्द रागाने बोलले असते तर सरांना बरे वाटले असते. त्यानंतर हेडमास्तरांनी त्यांना खोलीत बोलावून स्पष्टच सांगितले होते, “प्रधान, यंदा तो धडा झाला नाही, तर अकरावी मी दुसऱ्याकडे देणार. मला वाईट वाटेल, पण देणार.” आता पूर्वपरीक्षेला आठवडा उरला होता.

“घेऊ की,” सर म्हणाले. “आजच घेऊ.” त्यांनी हौद पुसून टाकला.

पुस्तकातले उदाहरण ते कधीच देत नसत. उत्तर आधी मनात धरायचे आणि तिथून उलटे येत गणित बांधायचे, ही त्यांची जुनी खोड. त्यांनी दोन आकडे मनात धरले, कुठले ते धरतानाही फारसा विचार केला नाही, आणि सांगितले, “लिहा. बापाचे वय मुलीच्या वयाच्या चौपट आहे. सहा वर्षांनी ते तिच्या वयाच्या तिप्पट होईल. तर दोघांची आजची वये काढा.”

“मुलीचे आजचे वय क्ष वर्षे मानू,” असे म्हणत ते फळ्यावर लिहीत गेले. बाप चार क्ष. सहा वर्षांनी बाप चार क्ष अधिक सहा. बरोबर तीन क्ष. पलीकडचे अलीकडे आणले, आणि शेवटी फळ्यावर उत्तर उमटले. क्ष बरोबर उणे सहा.

“म्हणजे मुलगी अजून जन्मायचीच आहे!” मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणाले आणि वर्गात हशा पिकला.

नीला हसली नाही. ती उभी राहिली. “सर, बापाचे सहा मिळवलेत, मुलीचे राहिले. तीपण मोठी होणार ना?”

सरांनी फळ्याकडे वळून पाहिले. ‘वर्षे दोघांना सारखीच लागतात, दोन्हीकडे मिळवा,’ असे वीस वर्षे घसा फोडून सांगणारे ते. या चुकीपायी त्यांनी कितीजणींना बाकावर उभे केले असेल! त्यांनी खडू नीलापुढे धरला. तिने तीन क्षला कंस घातला, कंसात अधिक सहा लिहिले आणि भराभर उत्तर आणले. मुलगी बारा वर्षांची, बाप अठ्ठेचाळीस.

अठ्ठेचाळीस म्हणजे आपणच, हे सरांना आता दिसले. आणि अनू या श्रावणात बारा वर्षांची झाली असती. आकडे धरताना त्यांच्याच मनाने तिला गुपचूप नवावरून बारावर आणून ठेवले होते. त्यापुढे न्यायला मात्र हात धजला नव्हता. त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली.

“पडताळा,” ते कसेबसे म्हणाले. पडताळा समीकरणात घ्यायचा नाही, उदाहरणाच्या शब्दांत घ्यायचा आणि मोठ्याने म्हणायचा, हा त्यांनीच घालून दिलेला शिरस्ता. “आज?”

“बाप अठ्ठेचाळीस, मुलगी बारा!” वर्ग एका सुरात म्हणाला.

“सहा वर्षांनी?”

“बाप चोपन्न, मुलगी अठरा!”

“बरोबर,” सर म्हणाले आणि घंटा होईपर्यंत त्यांनी वयाची आणखी तीन उदाहरणे सोडवून घेतली.

संध्याकाळी ते घरी आले तेव्हा त्यांच्या पत्नी सुहासिनीबाई खिडकीशी बसून तांदूळ निवडत होत्या. या घरात तीन वर्षांत कोणी अनूचे नाव घेतले नव्हते. तसे काही ठरले नव्हते, पण एकाने घेतले तर दुसरा कोसळेल अशी दोघांनाही धास्ती होती. सरांनी टोपी काढली, कोट खुंटीला लावला आणि तिथेच उभे राहून विचारले, “अगं, आपल्या अनूला साडी कुठल्या रंगाची शोभली असती? अठरा वर्षांची झाल्यावर?”

सुहासिनीबाईंचा हात सुपात तसाच राहिला.

“पोपटी,” मग त्या म्हणाल्या.

“मला निळी वाटली होती.”

“काहीतरीच तुमचं!” त्यांनी सूप बाजूला सारले आणि पदराने डोळे पुसले. “निळा रंग तिला मुळीच आवडायचा नाही.”

“आवडायचा. तिची रिबीन निळी होती.”

“ती तुम्ही आणलीत म्हणून बांधायची. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून.”

सर तिथेच खाली बसले. “खरं?” त्यांनी विचारले. “मला कधी बोलली नाही ती.”

“मला बोलायची ना,” असे म्हणून सुहासिनीबाई त्यांच्याजवळ सरकल्या आणि अनू आणखी काय काय बोलायची ते सांगू लागल्या.