आईच्या नावावर घेतलेली हरकत

माई मशीनवर शाळेच्या गणवेशाची बाही जोडत होत्या, तेवढ्यात थोरल्या भावाचा फोन आला. "पोरगी जिन्यावरून पडली गं. गेली." पुढचं माईंना ऐकूच आलं नाही. सव्वीस वर्षांची हसतीखेळती लेक, आणि गेली म्हणे!

माईंचा नवरा गेल्यापासून घरात या दादाचाच शब्द अखेरचा. भाचीचं लग्नही त्यानंच जुळवलेलं, थेट आपल्या साहेबांच्या मुलाशी.

शवागाराबाहेर सासरची मंडळी बाकावर बसली होती. दादानं माईंना बाजूला घेतलं. "शवविच्छेदन नको, अशी तुझ्या नावानं हरकत लिहिलीय. तू फक्त सही कर."

माईंनी पेन घेतलं. नवऱ्याला अपघातानंतर चिरलं होतं. छातीवर गोणी शिवतात तसे टाके! उभा जन्म शिवणात घालवलेल्या बाईला ते बघवले नव्हते. "माझ्या माणसाला पुन्हा कुणी कापायचं नाही," असं त्या तेव्हा सगळ्यांदेखत बोलल्या होत्या.

इतक्यात स्कॅन विभागातल्या डॉक्टरीणबाई आल्या. "आई तुम्हीच ना? सकाळीच तुमच्या या भावाला सांगितलं, आधी नुसता स्कॅन करू, कुठंही चिरणार नाही. त्यात सगळंच कळेल असं नाही, पण हाडं स्वच्छ दिसतात. हे म्हणाले, आईला तेही नकोय."

"मला? मला विचारलं कुणी?"

"अगं, चारचौघांत शोभा कशाला?" दादा पुटपुटला. "गेलेली परत येणार आहे का?"

माईंनी पेन त्याच्या हातात कोंबलं. "बाई, करा स्कॅन."

तासाभरानं डॉक्टरीणबाईंनी त्यांना पडद्यासमोर बसवलं. चौकशीला आलेला पोलीसही शेजारी उभा होता. "डोक्याची जखम आजची आहे. पडूनही होऊ शकते. पण या तीन बरगड्या बघा. जुन्या आहेत, वेगवेगळ्या वेळी मोडून सांधलेल्या. मनगटही तसंच."

माईंनी पडद्यावरच्या त्या बरगड्या एकेक करून मोजल्या. दादा मात्र पडद्याकडे बघतच नव्हता. एवढी वर्षं ज्याच्या जिवावर निर्धास्त राहिले, तो हा?

"दादा, तुला ठाऊक होतं?"

"दोनदा आली होती माझ्याकडे." त्याची मान खालीच. "मीच समजूत घालून परत पाठवली. संसार टिकवायचा होता ना तिचा!"

"तिचा संसार, की तुझी नोकरी?"

माई पोलिसाकडे वळल्या.

"माझी कसलीही हरकत नाही, साहेब. आता चिरायचं असेल तर चिरा. आणि माझा जबाब घ्या. सासरच्यांच्या आधी माझ्या भावाचं नाव लिहा."

पोलीस लिहू लागला. माईंनी डोळे पुसले.

"त्याच्याही आधी माझं लिहा. ती पहिल्यांदा रडत माझ्याकडेच आली होती. मीच म्हटलं, मामाला सांग, तो बघेल."