पहिल्या खिट्टवर थांबायचं

मामा गात गात देवाच्या गोष्टी सांगायचे. ऐकणारे आधी रडायचे, मग हसायचे, आणि त्या मधल्या फटीत मामा हळूच खोकून घ्यायचे. त्या खोकल्याचं मूळ आता डॉक्टरांना सापडलं होतं. सोमवारी घशाची शस्त्रक्रिया. "आवाज राहील," डॉक्टर म्हणाले, "पण हाच राहील, असं नाही सांगता येत." म्हणून रविवारी सकाळी सभागृहात आख्यान ठरलं, आणि ध्वनिमुद्रणाचं काम भाचीकडे आलं. तिचं पोटच त्यावर होतं.

मामीने बजावलं, "ह्यांचा आवाज वेगळा हवा. पेटी, तबला मला नको तेव्हा गप्प करता आले पाहिजेत."

"आणि मला?" मामांनी विचारलं.

"तुम्हाला गप्प करणारं यंत्र अजून निघालं नाही."

सगळे माइक ज्याला जोडले होते त्या मिक्सरवरून भाचीने रेकॉर्डरकडे प्रत्येकाची वेगळी केबल टाकली. ह्या मिक्सरची एक खोड होती. केबलची पिन पहिल्या 'खिट्ट'पर्यंतच ढकलायची. मग आवाज स्पीकरलाही मिळतो आणि रेकॉर्डरलाही. पूर्ण आत गेली, की सगळा रेकॉर्डरच्या ताटात आणि स्पीकर उपाशी. तेव्हा पिना अर्ध्या बाहेरच ठेवून ती मंचावर माइक सरळ करायला गेली.

अर्धवट लागलेला खण, तिरकं झाकण, किलकिलं दार, ह्यांच्याशी मामीचं जन्माचं वैर. पाहुण्यांच्या पिशव्यांच्या चेनसुद्धा ती न विचारता ओढायची. "अगंबाई, पडल्या असत्या की!" म्हणत तिने अंगठ्याने एकेक पिन आत बसवली आणि समाधानाने पहिल्या रांगेत जाऊन बसली.

आख्यान सुरू झालं. भाचीच्या कानावर हेडफोन, त्यात रेकॉर्डरचा आवाज, अगदी स्वच्छ. मीटरचे दिवे आपापल्या तालात नाचत होते. हळूहळू मामांचा सूर चढला, चिरकायला लागला. भक्तीचं भरतं आलं असेल, असं वाटून तिने वर पाहिलं, तर मागच्या रांगा कानामागे हात धरून बसलेल्या! तिने हेडफोन काढला. स्पीकर मुके. मामा नुसत्या घशावर सभागृह ओढत होते.

रेकॉर्डिंग उत्तम चाललं होतं. पण घसा? तिने हात वर केला.

"का गं?" मामा थांबले. "देव प्रगट व्हायच्याच बेतात होता."

"त्याला जरा बसवा, मामा. मामी, ह्या पिना कुणी आत ढकलल्या?"

"मी. किती हलगर्जीपणा तो तुझा!"

"त्या अर्ध्याच लावायच्या असतात."

"कुठल्या शहाण्याने बनवलंय हे?"

"तिला माझ्याबद्दलही हाच प्रश्न पडतो," मामा म्हणाले, आणि माइकशिवायसुद्धा ते शेवटच्या रांगेपर्यंत पोचलं.

भाचीने आवाज खाली घेतला, पिना पहिल्या खिट्टवर आणल्या आणि बटणं पुन्हा चढवली. मामांनी आख्यान मुळापासून धरलं, ह्या वेळी हलक्या आवाजात, उशाशी बसून सांगावं तसं. देव आला तोही पाय न वाजवता. मागच्या रांगेत कुणी पापणी हलवली नाही.

सगळे गेल्यावर भाचीने मामीच्या कानावर हेडफोन चढवला. तबला उतरवला, मग पेटी. उरले एकटे मामा. मामी डोळे मिटून ऐकत राहिली.

"कसं झालंय?" मामांनी विचारलं.

हेडफोन लावलेली माणसं बोलतात तशी मामी ओरडली, "श्वास घेताना तुमचं नाक वाजतंय!"

मामा ओशाळले. "अगं पोरी, तेवढं पुसून टाक."

"खबरदार हात लावलास तर," मामी म्हणाली, आणि हेडफोन दोन्ही हातांनी कानाशी घट्ट धरला.