स्वर्गातली एसटी

"नंबर सत्तावीस! गौरा, वांगणी!" तंबूच्या दारातून चेल्याने पुकारलं.

मोखाड्याच्या आठवडे बाजारात सुक्या मासळीच्या ओळीपलीकडे तंबू ठोकला होता आणि सगळा बाजार तिथेच लोटला होता. टोमॅटोवाले पाट्या उघड्या टाकून आले होते. आत नादमहाराज बसलेले. अंगावर भगवी शाल, पुढ्यात लॅपटॉप, पाठीमागे मोठा टीव्ही. टीव्हीवर काळा पडदा आणि त्यावर भराभर वर सरकणाऱ्या पांढऱ्या इंग्रजी ओळी.

"हे परलोकाचं दार!" महाराज गरजले. "ही चित्रगुप्ताची वही! शून्यातून नाद, नादातून जीव! विचार बाई, काय विचारायचं ते."

गौराने हात जोडले. "अवो, बरं हाय ना तुमचं?"

स्पीकर खरखरला. "हां, जेवलो मी. तू जेवलीस का?"

बायकांनी डोळ्यांना पदर लावले. गौराचा नवरा जिवा भिवंडीला इमारतीवरून पडून गेला, त्याला सहा महिने झाले होते. आवाज त्याचाच, शंकाच नको. पण मला त्यामागे आणखी काहीतरी ऐकू आलं. टिंग टिंग. कंडक्टरची घंटी! अहो, स्वर्गात एसटी कधीपासून जायला लागली? आमच्या वांगणीला धड जात नाही ती!

मी कुतुबुद्दीन. जव्हारला माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान, बाजाराच्या दिवशी मोखाड्यात टेबल. तोंडाचा फटकळ आहे, हे आधीच सांगतो. आणि दुसरंही सांगतो: ती घंटी ऐकूनसुद्धा माझा हात खिशातल्या फोनकडे गेला. माझी जहिदा जाऊन दोन वर्षं झाली. घरी गेलो की कुलूप मीच काढतो, दिवा मीच लावतो, "आलात का" म्हणणारं कुणी नाही. महाराजाने तिचे दोन शब्द ऐकवले असते, तर मीही त्याच्या पायाशी बसलो असतो. लाज वाटते, पण खरं आहे.

तासाभराने गौरा माझ्या टेबलापाशी आली.

"चाचा, फोन बिघडला का बघा. माझ्या घरधन्याचे चार निरोप होते यात. एक पण वाजत नाही."

मी पाहिलं. निरोपांच्या पट्ट्या जागच्या जागी होत्या, पण दाबलं की फाइल सापडत नव्हती.

"कधीपासून?"

"महाराजांकडं पहिल्यांदा गेले तवापासून. ते म्हणले, आवाज देवाघरी गेला, आता इथंच ऐकायचा. पुढच्या बाजाराला पायातली कडी मागितलीत. देते. मला धन्याचा आवाजच पायजे."

"फोन तुझ्या हातातून सुटला होता?"

"नाही हो. चार्जिंगला दिला तेवढाच."

घ्या! आमच्या पाड्यांवर लाइट चार-चार दिवस नसते, म्हणून बाजाराला आलं की सगळे फोन एका ठिकाणी चार्जिंगला देतात. महाराजाचा चेला तेच काम फुकट करायचा. फोनला नंबर चिकटवायचा, गोड बोलून "कोण गेलं घरातलं?" विचारायचा. जो नंबर चार्जिंगचा, तोच दर्शनाचा. एक फोन घरभर वापरतात, मग कुलूप कोण लावतो त्याला?

पुढच्या बाजाराला मी साखरशेतच्या तुळशीदास गुरुजींना सोबत घेतलं. माझ्या जुन्या फोनमध्ये त्यांचा एकच निरोप ठेवला, फोन चेल्याकडे दिला आणि डोळे पुसत म्हणालो, "माझा दोस्त गेला हो."

नंबर आला. महाराजांनी डोळे मिटले. "आत्मा तडफडतोय! येतोय… आला!"

स्पीकर बोलला, "कुतुबभाई, मी सुखरूप पोहोचलो."

"पोहोचलो की!" गर्दीतून गुरुजी ओरडले. त्यांच्या हातात अर्धं खाल्लेलं भजं होतं. "जीपने आलो, साखरशेतहून!"

हसू फुटलं तशी मी टीव्हीमागची चादर ओढली. चार्जिंगच्या वायरी सरळ लॅपटॉपात गेल्या होत्या.

"ऐका रे!" मी ओरडलो. "ही चित्रगुप्ताची वही नाही. फायली एका जागेवरून दुसऱ्या जागी न्यायचा हा प्रोग्रॅम आहे. यात बटणं नसतात, हुकूम टाइप करावा लागतो. मी दुकानात रोज करतो. 'कॉपी' लिहिलं तर दिव्याने दिवा लागतो, दोन्हीकडे उजेड. या लबाडाने 'मूव्ह' लिहिलंय. म्हणजे दिवाच उचलून नेला! तुमचा फोन रिकामा करून तुमचीच माणसं हा तुम्हाला दर बाजाराला उसनी देतोय."

चेला पळाला. महाराजाला लोकांनी धरून ठेवलं. गुरुजींनी पोलिसांना फोन लावला. पोलीस येईपर्यंत लोकांसमोर मी एकेकाचे आवाज ज्याच्या त्याच्या फोनवर परत कॉपी केले.

गौराचा नंबर शेवटी आला. तिने चारही निरोप ऐकले. चौथ्यात ती घंटी वाजली.

"म्हणजे ते माझ्याशी बोलतच नव्हते?"

"तेव्हा बोलले होते, बाई. आता नाही."

तिने फोन पदरात गुंडाळला. "घरी दोन ताटं वाढत होते मी, चाचा."

खोटं उघडं पाडलं, पण तिच्या घरातलं दुसरं माणूस मीच नेलं असं वाटलं. बाबांनो, मेलेलं माणूस बोलत नाही. कुणी बोलवून दाखवलं, तर आधी वायर कुठं जाते ते बघा. आपल्या माणसाचा आवाज दोन जागी जपून ठेवा आणि कुठल्याही महाराजाच्या हाती देऊ नका. एवढंच शहाणपण आहे माझ्याकडे. एकटेपणावर माझ्याकडेही औषध नाही.

मी डबा उघडला. "जेवलीस का?"

तिने नाही म्हणून मान हलवली. मीही जेवलो नव्हतो. अर्धी भाकरी मोडून मी तिच्यापुढे ठेवली.