बातिस्तचा वळसा

बातिस्त आता पार थकला होता. मासेमारीनं नव्हे, लपवाछपवीनं. स्पेनच्या किनाऱ्यावरल्या कॅल्पच्या धक्क्यावरून नाव काढायची, आधी मुद्दाम उलट, आल्तेआच्या बाजूला जायचं, आणि धक्का दिसेनासा झाला की भर समुद्रातून मोठा वळसा घालून आपल्या जागी यायचं. इफाकच्या खडकाच्या खांद्याला चर्चचं घंटाघर टेकलेलं दिसलं, की तीच जागा. वडिलांनी दाखवलेली. इथले कोळी एक वेळ बायको कुठे आहे ते सांगतील, मासा कुठे आहे ते नाही.

सोमवारपासून त्याची मुलगी रेमेई हॉटेलातलं काम सोडून नाव चालवणार होती. तिला द्यायला त्या जागेशिवाय त्याच्याकडे होतंच काय!

पण आज अंगात त्राण नव्हतं. बघितलं कुणी तर बघू दे, म्हणत तो सरळ निघाला आणि सरळ परतला.

धक्क्यावर कोस्मे जाळं शिवत बसला होता. बातिस्तशी त्याचं उभ्या जन्मात पटलं नव्हतं.

"काय रे, तब्येत बरी नाही का?" कोस्मेनं विचारलं.

"का? मला काय धाड भरलीय?"

"आज सरळच गेलास. घंटाघराच्या जागेवर."

बातिस्त दोन पावलं जवळ आला. "तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? तुझ्या बापाच्या वेळेपासून सगळ्या गावाला ठाऊक आहे."

"मग कुणी जाळं कसं टाकलं नाही तिथं?"

कोस्मेनं सुई थांबवली. "तुझी बायको गेली तेव्हा पोर पाळण्यात होती. कोण टाकणार? पुढे तेच अंगवळणी पडलं."

बातिस्त त्याच्या शेजारी बसला. आयुष्यभर ज्यांना चोर समजून शिव्या घातल्या, त्यांनीच घर चालवलं होतं. लाज वाटली, आणि डोळेही भरून आले.

"म्हणजे रेमेईला सांगतो, सरळच जा," तो कसाबसा म्हणाला.

"वेडा की खुळा तू?" कोस्मे खेकसला. "आमची पोरं हावरी आहेत. डोळ्यांदेखत गेली तर मागे जातील. तिला वळसा घालू दे. म्हणजे 'लपवलेली जागा ज्याची त्याची' असं पोरांना दटावायला आम्हाला तोंड राहील."