फट आहे, वाढू देऊ नका

मित्रांनो, मला फटफटी म्हणतात, आणि माझ्या आयुष्यातला सर्वांत मोठा घोळ माझ्या नावातल्याच दोन अक्षरांनी घातला. माझे वय नेमके सांगता येणार नाही. जन्माचे साल माझ्या पत्र्यावर कोरलेले होते, पण त्यातला शेवटचा आकडा गंजाने खाल्ला.

ज्या कारखान्यात माझी जुळणी झाली, तिथे शेवटच्या टेबलाशी एक बाई बसत. प्रत्येक इंजिन त्या मिनिटभर डोळे मिटून ऐकत आणि मगच खडूने बरोबरची खूण करत. माझ्यावर ती खूण झाली तेव्हा मला केवढा अभिमान वाटला होता! पुढे एका घड्याळजींनी मला विकत घेतले. दुकाने आणि दवाखाने यांच्या भिंतींवरची घड्याळे ते दुरुस्त करत. मागे त्यांच्या पत्नी बसत आणि चादरीत गुंडाळलेले घड्याळ मांडीवर सांभाळत. गल्लीत सगळे त्यांना वहिनी म्हणत, म्हणून मीही वहिनीच म्हणते.

उभी असताना मी ज्या संथ चालीवर धुगधुगत राहते, तिला गॅरेजमध्ये आयडलिंग म्हणतात. घड्याळजींचा जीव माझ्या त्या चालीवर होता. सिग्नलला थांबले की ते मान तिरकी करून ऐकत आणि म्हणत, "ऐकलंस? अगदी लंबक!" वहिनी म्हणत, "माझं कधी इतकं ऐकलं असतंत, तर!"

ही चाल राखली होती वहिनींच्या धाकट्या भावाने. त्यांचे स्वतःचे छोटेसे गॅरेज होते. आईमागे वहिनींनीच त्यांना वाढवले होते. दर रविवारी ते जेवायला येत आणि हात धुण्याआधी माझी चेन चाचपून बघत.

मग एके दिवशी माझ्यात बिघाड झाला. रेस सोडली की सायलेन्सरमधून 'फट्' असा बार निघू लागला. घड्याळजींनी मला मेहुण्यांकडे पोचवले. तिसऱ्या दिवशी मी परत आले, ती धुऊनपुसून. हँडलला एक चिठ्ठी अडकवलेली होती. एका गिरणीची यंत्रे बसवायला मेहुण्यांना तातडीने पंधरा दिवसांसाठी परगावी जावे लागले होते. चिठ्ठीत एवढेच होते : "फट आहे. वाढू देऊ नका. आलो की बघतो."

घड्याळजींनी चिठ्ठी दोनदा वाचली. "फट् आहे! अरे, ते तर मलाही ऐकू येतं. त्यासाठीच तर गाडी दिली होती!"

मग ते माझ्याजवळ उकिडवे बसले, आणि त्यांची नजर माझ्या कार्बोरेटरवर खिळली. कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा यांचे माप जुळवून इंजिनाला देणारा भाग. माझा तो भाग वर्षानुवर्षे काळाकुट्ट होता. आज तो चांदीच्या वाटीसारखा लखलखत होता.

"हा आपला नव्हे," घड्याळजी पुटपुटले.

त्यांना सर्वस्वी दोष देववत नाही. चांगल्या घड्याळाच्या पोटातले यंत्र काढून त्या जागी हलके बसवायचे, ही त्यांच्या धंद्यातली जुनी लबाडी. ते स्वतः तसे कधी करत नसत. पण दुसऱ्यांनी केलेले रोज पाहता पाहता त्यांची नजरच तशी झाली होती. वरून जितके चकचकीत, तितका आत घोटाळा!

आणि मित्रांनो, मीसुद्धा संशय घेतला. जो भाग माझ्यापासून काढून आतल्या टेबलावर नेला गेला, त्याची साक्ष मी कशी देणार? आपल्या पोटात परका अवयव तर बसवला नाही ना, या शंकेने मला घेरले. इंजिनाच्या तोंडाशी मला गार हवेची एक बारीक शिरशिरी जाणवत असे. ती त्या परक्या अवयवाचीच खोड असणार, अशी मी माझी समजूत करून घेतली. ज्या हातांनी मला इतकी वर्षे जपले, त्यांच्यावर विश्वास ठेवावा, हे काही माझ्या मनात आले नाही.

चिठ्ठीत 'वाढू देऊ नका' असे होते, म्हणून घड्याळजींनी आयडलिंगचा स्क्रू स्वतःच हाती घेतला. सकाळी मी थंड असताना बंद पडे, म्हणून ते स्क्रू पाव फेरा आवळत. दुपारी मी तापले की उभ्या जागी पिसाटासारखी ओरडे, म्हणून अर्धा फेरा सोडत. कोणी गुपचूप हात लावला तर कळावे म्हणून त्यांनी स्क्रूवर तांबड्या रंगाचा ठिपका दिला. दुसऱ्या दिवशी ठिपका सरकलेला पाहून ते वहिनींवर डाफरले, आणि मग त्यांना आठवले की आदल्या संध्याकाळी त्यांनीच तो पिळला होता. उतारावर रेस सोडली की बार होतच राहिला. समोरचा शिंपी दारातून ओरडला, "काय घड्याळजी, नवा गजर बसवलात वाटतं!"

त्या दिवशी घड्याळजींनी मेहुण्यांना फोन लावला. मी दाराशीच उभी होते.

"माझा कार्बोरेटर कुठाय?"

"तुमच्याच गाडीत आहे, दाजी. कुठं जाणार?" फोनमधला आवाज बाहेरपर्यंत येत होता.

"मग एवढा चकचकीत कसा?"

"घासला म्हणून! दोन तास बसलो होतो. तुम्हाला आवडेल म्हटलं."

"आवडेल? माझा काढून दुसऱ्याचा बसवायचा, आणि वर तोंड करून चिठ्ठी लिहायची, वाढू देऊ नका!"



"दाजी, मला चोर म्हणताय?"

घड्याळजी 'नाही' म्हणाले नाहीत.

"मग ती गाडी पुन्हा माझ्या दारात आणू नका," मेहुणे म्हणाले, आणि फोन बंद झाला.

परगावाहून ते परतले, पण रविवारी आले नाहीत. पुढच्याही रविवारी आले नाहीत. वहिनींनी दोन्ही वेळा त्यांचे ताट मांडले आणि तसेच उचलले. तिसऱ्या रविवारी त्या पान्यांची पेटी घेऊनच अंगणात आल्या.

"अहो, तुम्ही माझ्या कात्रीवरसुद्धा खूण कोरून ठेवलीत. मग हिचा कार्बोरेटर सोडला असेल का? उघडा. खूण नसली तर मी माझ्या भावाचं नाव काढणार नाही. पण असली तर?"

दुरुस्त केलेल्या प्रत्येक घड्याळाच्या झाकणाआड घड्याळजी सुईने आपली खूण कोरत. मी नवी असताना त्यांनी हौसेने माझा कार्बोरेटर उघडला होता, हे ते विसरून गेले होते. आता त्यांनी कार्बोरेटर काढला, त्याच्या तळाची पेट्रोलची वाटी उघडली आणि डोळ्याला भिंग लावले. वाटीच्या आतल्या कडेला एक बारीक त्रिकोण होता. त्यांच्याच हातचा.

ते बराच वेळ भिंग काढीनात. मग त्यांनी सगळे पुन्हा जोडायला घेतले. कार्बोरेटर आणि इंजिन यांना सांधणारे रबर दाबून बसवताना ते रबर किंचित वाकले, आणि त्याच्या खालच्या अंगाला केसासारखी एक रेघ उघडली.

"हे काय?" घड्याळजींनी विचारले.

वहिनी वाकल्या. "फट," त्या म्हणाल्या.

हा शब्द अंगणात पडला, आणि दोघेही एकमेकांकडे पाहतच राहिले. मग वहिनी आत गेल्या आणि चिठ्ठी घेऊन आल्या. या वेळी ती कोणी मोठ्याने वाचली नाही.

घड्याळजींनी मला सुरू केले आणि थोडे तापू दिले. मी नेहमीसारखी ओरडू लागले. त्यांनी त्या चिरेवर बोट दाबले, आणि माझा आवाज पायरी पायरीने खाली उतरला. बोट उचलले, तो पुन्हा चढला. ती शिरशिरी इथून येत होती! फटीतून जास्तीची हवा शिरत होती, तिनेच मापाचा घोटाळा करून बार काढले होते, आणि आम्ही मात्र चोर शोधत होतो.

त्यांनी मला बंद केले आणि हातांनी ढकलत गॅरेजपर्यंत नेले. वहिनी बाजूने चालत होत्या. मेहुणे दारात आले, पण 'या' म्हणाले नाहीत.

"काय झालं?"

"फट आहे," घड्याळजी म्हणाले. "मी फट् वाचलं." आणि मग मान खाली घालून, "चुकलो रे."

मेहुण्यांनी बहिणीकडे पाहिले. मग फळीवरून नव्या रबराची पुडी काढली. ते तर त्यांनी परतल्या दिवशीच आणून ठेवले होते. रबर बसले, स्क्रू मूळ जागी आला, बार थांबला. रविवारची पंगतही पुन्हा सुरू झाली.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी एखादी जुनी गाडी असेल, तर तिचा आवाज चढला म्हणून लगेच स्क्रू पिळू नका. आधी तिची रबरे वाकवून बघा. आणि चिठ्ठीतला एखादा शब्द नीट कळला नाही, तर लिहिणाऱ्याला एकदा विचारा. त्याला जाब विचारण्याआधी विचारा.

माझी चाल आता पुन्हा लंबकासारखी आहे. फक्त एक गोष्ट बदलली. मेहुणे माझा कोणताही भाग बदलला, की काढलेला जुना भाग कागदात बांधून घड्याळजींच्या हाती देतात. पूर्वी देत नसत. घड्याळजी ती पुडी मुकाट्याने घेतात आणि खणात ठेवतात. खण आता भरत आला आहे, पण त्यांनी एकही पुडी उघडलेली नाही.