पाणबुडीची पारदर्शक सवत

मित्रांनो, मी एक जुनी प्रवासी पाणबुडी आहे. ‘जुनी’ हा शब्द मी स्वतः उच्चारला आहे. दुसऱ्या कोणी तो उच्चारलेला मला खपत नाही. नीट बसा, कुजबूज थांबवा आणि ऐका. आज मी तुम्हाला माझा मोठेपणा सांगणार आहे आणि त्याबरोबर माझ्या मनाचा एक कोतेपणाही.

माझ्या घराण्यातल्या थोरल्या पाणबुड्या लढण्यासाठी जन्मल्या. त्यांना खिडक्या नव्हत्या. शत्रूपासून लपणाऱ्याला खिडकी हवी कशाला? त्यानंतर संशोधकांच्या पाणबुड्या आल्या. त्यांत दोन-तीन विद्वान गुडघे पोटाशी घेऊन बसत आणि वर आल्यावर पाठ चोळत. साध्या माणसाने तिकीट काढावे, इस्त्रीचे कपडे चुरगळू न देता समुद्राच्या पोटात उतरावे आणि जेवायच्या वेळेला घरी परतावे, हा विचार माणसांना फार उशिरा सुचला. तो सुचला तेव्हा मी घडले.

जाड पोलादाचे पत्रे वाकवून माझे अंग तयार झाले. वेल्डरांनी घातलेला प्रत्येक सांधा क्ष-किरणांखाली तपासला गेला. माझ्या दोन्ही कुशींना अकरा-अकरा गोल खिडक्या बसवल्या. आत पाठीला पाठ लावलेली दोन लांब बाके होती आणि बाकांखाली बॅटऱ्या. ना धूर, ना खडखडाट. माणसांच्या उच्छ्वासातला दूषित वायू शोषून घेणाऱ्या दाण्यांचे डबेही होते, म्हणून चाळीस माणसे तासभर बसली तरी कोणाचा जीव गुदमरत नसे. मी बुडत नसे बरे का, मी उतरत असे. टाक्यांमधली हवा हळूहळू सोडायची, तेवढेच पाणी आत घ्यायचे आणि समुद्राला धक्का न देता खाली जायचे. वर माझी सोबतीण नाव चालत असे आणि तिच्याशी पाण्यातल्या टेलिफोनवर बोलणे चालू असे.

पहिल्या दिवसापासून माझा एकच चालक होता. तो आला तेव्हा त्याच्या ओठांवर नुकती मिसरूड फुटली होती. प्रवाशांना बसवण्याची त्याची हातोटी मी दुसऱ्या कोणात पाहिली नाही. पाणबुडी तोलात राहायची तर माणसांचा भार सारखा वाटला जावा लागतो. पण चारचौघांत वजन कोणी कोणाला विचारावे? तो दारात उभा राही, माणसाकडे एक नजर टाकी आणि अदबीने म्हणे, “काकू, तुम्ही पुढच्या खिडकीशी बसा, तिथून मासे जवळ दिसतात.” माझे नाक जड झाले, तर पाच मिनिटांनी तोच त्या काकूंना सांगे की मासे आता मागे गेले आहेत. सत्तावीस वर्षांत एकाही काकूला शंका आली नाही.

शंभर फुटांवर लाल रंग मावळतो. लाल टोपी घातलेली मुले आपली टोपी काळपट झालेली पाहून आधी घाबरत आणि मग हसत. वर आल्यावर लोक माझ्या दाराच्या कडेवरून हात फिरवून जात. कौतुक म्हणतात ते हेच.

दिवसाची शेवटची फेरी संपली की चालक माझ्या बावीस खिडक्या स्वतः पुसत असे. स्वच्छ गोडे पाणी आणि मऊ सुती फडके; तिसरी वस्तू नाही. गोदीतले फिटरकाका पंप, पंखे आणि झडपा सांभाळीत, पण खिडक्यांना चालकाने त्यांनाही कधी हात लावू दिला नाही.

चालकाला बायको होती. गोदीत सगळे तिला वहिनी म्हणत. अर्थात ती गोदीत पाऊल टाकत नसे. तिने संसाराच्या आरंभीच नियम घातला होता की पाणबुडी उंबरठ्याबाहेर ठेवून घरात यायचे. जेवताना पाणबुडीचे नाव नाही, दुखण्यात नाही, पाहुण्यांसमोर नाही. एकदा ती धक्क्यावर डबा द्यायला आली तेव्हा चालकाने तिला आत चलण्याचा आग्रह केला. ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, “त्या लोखंडी पिंपात मी बसायची नाही.” मी ते ऐकले. मी विसरले नाही.

असे दिवस चालले असताना माझी सवत आली.

ती ट्रकवरून, ताडपत्रीखाली, एखाद्या नव्या नवरीसारखी झाकून आली. ताडपत्री निघाली आणि गोदीतली माणसे हातातली कामे टाकून भोवती जमली. ती सबंध पारदर्शक होती. आठ खुर्च्या आणि त्यांच्याभोवती एक मोठा, स्वच्छ, निर्मळ फुगा. वर आभाळ, खाली तळ, चहूकडे मासे. खिडकीशी मान वाकवायची गरजच नाही. बॅटऱ्या, टाक्या, पंखे कमरेखाली दडवलेले; बाकी सगळे उघड्यावर. आमच्या काळी पाणबुडीला आडपडदा नावाची गोष्ट असे. मी नाक मुरडले, पण माझ्याकडे पाहिले कोणी? फिटरकाका बोटांवरचे पानाचे डाग धुऊन तिच्याजवळ गेले. आमचे मालक तिच्याशेजारी उभे राहून छायाचित्रे काढून घेऊ लागले. आणि माझा चालक, मित्रांनो, माझा चालक तिच्या आत बसला आणि हसला. ते हसू मला परके होते.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तिला वळणे सोपे जाते असे तो फिटरकाकांना सांगे तेव्हा माझे सुकाणू कुरकुरे. त्यात तिच्या पहिल्या फेरीला वहिनीही येणार, असे कळले. माझे दार तिने सत्तावीस वर्षे ओलांडले नाही, आणि हिच्यासाठी एका शब्दात तयार. पुढे आणखी एक बातमी आली. महिनाअखेरीस माझ्या फेऱ्या बंद होणार होत्या. भंगारवाला येऊन माझी लांबी मोजूनही गेला. पोलाद चांगले आहे, कापायला दोन दिवस लागतील, असे तो म्हणाला. माझ्या आयुष्यातले ते शेवटचे कौतुक असावे, अशी त्याची समजूत दिसली.

सवतीच्या उद्घाटनाच्या आदल्या दुपारी सगळी मंडळी मंडप उभारायला धक्क्यावर गेली होती. गोदीच्या शेडमध्ये ती आणि शेडलगत पाण्यात मी, अशा आम्ही दोघीच होतो. तेवढ्यात वहिनी आली, हातात पिशवी घेऊन. सवतीच्या अंगावर दिवसभराच्या बघ्यांच्या बोटांचे ठसे उमटले होते. वहिनीने जिभेने ‘च्‌’ केले. नवऱ्याची उद्या पाहुण्यांत शोभा व्हायला नको, हे तिच्या मुद्रेवर लिहिलेले होते. तिने पिशवीतून घरच्या कपाटाच्या काचा पुसायची बाटली काढली, निळे, उग्र वासाचे पाणी फवारले आणि तो फुगा वरपासून खालपर्यंत पुसला. एकदा नाही, तीनदा. मग लांब उभी राहून तिने तो पाहिला आणि समाधानाने पदर खोचत निघून गेली.

मित्रांनो, ही गोष्ट नीट समजून घ्या. पाणबुडीची खिडकी दिसते काच, पण ती काच नसते. ते अ‍ॅक्रिलिक नावाचे जाड, पारदर्शक प्लास्टिक असते. समुद्राचा भार ते निमूटपणे सोसते. मात्र स्पिरिट किंवा अमोनिया लागला की त्यात केसासारख्या बारीक रेषा पडू लागतात, आणि खोल पाण्यात त्या रेषा कोणाचीही भीडभाड ठेवत नाहीत. हे चालकाला ठाऊक होते, फिटरकाकांना ठाऊक होते आणि मला ठाऊक होते. ज्या घरात पाणबुडीचे नाव काढायला बंदी, त्या घरच्या गृहिणीला ते कोणी आणि कधी सांगावे?

मला तेव्हा काय वाटले ते मी लपवणार नाही. मला आनंद झाला. आता तुझा तोरा उतरेल, असे मी सवतीला मनातल्या मनात बजावले. भंगारवाल्याची माप घेणारी फीत आता तुझ्याभोवती फिरेल, या कल्पनेने माझे बावीस डोळे चमकले असतील. त्या फुग्यात उद्या आठ माणसे बसणार आहेत आणि त्यांतला एक माझा चालक आहे, हे मला बऱ्याच उशिरा आठवले. पाणबुडीला मत्सर करता येतो. ओरडता येत नाही.

सकाळी धक्का माणसांनी फुलला. वहिनी ठेवणीतले पातळ नेसून आली. सवतीला क्रेनने पाण्यात सोडायला अर्धा तास उरला होता. मालकांच्या सांगण्यावरून फिटरकाका पाहुण्यांना माहिती देत होते. हा फुगा किती भार पेलतो, किती जाड आहे, हे सांगता सांगता ते म्हणाले की, हिला जपायचे ते फक्त एका बाबतीत. घरात काच पुसायला वापरतो ते द्रावण म्हणजे हिचे विष.

मी वहिनीकडे पाहिले. तिच्या चेहऱ्यावरचा रंग शंभर फूट खाली उतरल्यासारखा मावळला. काल तिला कोणी पाहिले नव्हते. बाटली घरी होती. ती गप्प राहिली असती तर जगात कोणाला कळले नसते, आणि बोलली असती तर नवऱ्याच्या मोठ्या दिवशी, चारशे माणसांसमोर, त्याचे नाक कापले गेले असते. ती गप्पच राहील, असे मला वाटले. मी तिच्या जागी असते तर गप्प राहिले असते, म्हणून वाटले.

ती पाहुण्यांच्या रांगेतून वाट काढत चालकापाशी आली.

“अहो, थांबा. काल ती मी पुसली.”

“कशानं?”

“घरच्या बाटलीनं. निळ्या पाण्यानं. तीनदा.”

चालक रागावला नाही. त्याने विजेरी मागवली, फुग्याच्या कडेला तिरपा उजेड धरला आणि गाल टेकवून पाहू लागला. दाराच्या कड्याजवळ चांदीच्या तारेसारख्या रेषा उमटल्या होत्या, बोटभर लांब, मोजून नऊ. मालक खाली वाकले. त्यांना काहीच दिसत नव्हते, निदान दिसू नये अशी त्यांची इच्छा होती. वीस मिनिटांची तर फेरी, तीही उथळ पाण्यात, असे ते पुटपुटले.

“मालक, ही आज पाण्यात जायची नाही.”

“अरे, पाहुण्यांना काय सांगू मी?”

“सांगा, चालकाच्या बायकोनं वेळेवर खरं सांगितलं.”

माझी दुपारची फेरी ठरलेली असल्यामुळे माझ्या बॅटऱ्या भरलेल्या होत्या. फिटरकाकांनी मालकांना तेवढेच सुचवले. अर्ध्या तासात पाहुणे माझ्या दारातून आत येऊ लागले, काही नाक मुरडत, काही नाइलाजाने. सगळ्यांच्या शेवटी वहिनी आली. चालकाने तिला सातव्या खिडकीशी बसवले. आम्ही उतरलो. पाणी हिरवे झाले, मग निळे झाले. रुपेरी माशांचा एक थवा माझ्या कुशीला घासून वळला आणि नाक मुरडणारे पाहुणे लहान मुलांसारखे एकमेकांना ढकलू लागले. वहिनी मात्र खिडकीच्या कडेवरून बोट फिरवत होती. चालक सहायकाच्या हाती सुकाणू देऊन क्षणभर तिच्यापाशी आला, तेव्हा ती हळू आवाजात बोलली.

“मी हिच्यावर जळत होते हो. ताटातलं निवून जायचं आणि तुम्ही हिचे डोळे पुसत बसायचात. म्हणून घरात हिचं नाव नको म्हटलं.” मग थोडे थांबून म्हणाली, “नाव काढू दिलं असतं, तर काल ती बाटली उचलली नसती.”

मित्रांनो, मी तिला सत्तावीस वर्षे गर्विष्ठ समजत आले होते. आम्हा दोघींना एकच दुखणे होते. फरक एवढाच की तिला बोलायची वेळ आली तेव्हा ती बोलली. आणि मला आवाज असता, तरी आदल्या दुपारी मी तो काढला असता का, याचे उत्तर माझ्यापाशी आजही नाही.

सवतीचा नवा फुगा घडून यायला दहा महिने लागले. तेवढे दहा महिने मीच फेऱ्या केल्या. भंगारवाला दोनदा निरोप पाठवून थकला. पुढे माझे बळ सरले, तेव्हा चालकाने मालकांशी भांडून मला या धक्क्यावर, सिमेंटच्या चौथऱ्यावर बसवून घेतले. नवे चालक माझ्यात बसून पहिले धडे गिरवतात आणि तुमच्यासारखी मुले येऊन बाकांवर उड्या मारतात. उड्या मारा, पण माझ्या खिडक्यांवर किल्लीने नावे कोरू नका. आणि जी वस्तू तुम्हाला कळत नाही, तिची सेवा करण्यापूर्वी जाणत्याला विचारा. न विचारता केलेल्या मायेनेही तडे जातात. चूक झालीच, तर माणसे दारात पाऊल टाकण्यापूर्वी ती बोलून टाका.

माझा मत्सर गेला का, असे विचाराल. मुळीच नाही. आजही ती आठ माणसे घेऊन झगमगत निघते तेव्हा मला पोटशूळ उठतो, आणि चालक तिच्यात बसलेला मला पाहवत नाही. पण ती पाण्याखाली गेली की तिचा फुगा पुन्हा उन्हात वर येईपर्यंत मी समुद्रावरची नजर काढत नाही.