मानेवरचा ओला डाग

सकाळी सव्वानऊला आमच्या मांजरीचा, भुरीचा, कान फडफडायला लागला. आधी एकच, डावा. मग मागचे पाय थरथरले आणि तोंडातून लाळ गळू लागली. मी हातातला डबा खाली ठेवला. नवीन जालन्यात एका बियाणे कंपनीत उगवणचाचणीचं काम करते मी. आज येत नाही, असं तिथं कळवलं.

संशय सरळ शेजारच्या दैवशालाकाकूंवर गेला. कालच त्या भिंतीवरून ओरडल्या होत्या, "तुझी मांजर माझ्या कुरडयांवर लोळली. पिसवा झाल्यात तिला. एक दिवस कायतरी टाकून ठेवते, बघ."

मी भिंतीपाशी गेले. "काकू, काय टाकलंत?"

"कशात?"

"भुरी थरथरतेय."

"अगं बाई! तोंडानं बोलले म्हंजी हातानं केलं का? शिकलेली ना तू? दाखव पुरावा."

पुरावा नव्हता. परत येऊन भुरीला उचललं. उलटी झालेली नव्हती. मानेच्या मागे, जिथं तिची जीभ पोचत नाही, तिथले केस ओले होऊन चिकटले होते. वास रॉकेलसारखा. म्हणजे तिनं काही खाल्लेलं नव्हतं. कोणीतरी तिला धरून, जागा बघून लावलं होतं. काकूंच्या हातात ती क्षणभर थांबली नसती. ती दोघांनाच धरू देते, मला आणि माझ्या सासऱ्यांना.

"मामा, भुरीला काही लावलं का तुम्ही?"

"न्हाई बा. मी कशाला लावू?" ते पेपरमागून म्हणाले. पेपर खाली आला नाही.

मला ते पटलं नाही. ओसरीत खुंटीला वजनाचा ताणकाटा टांगलेला होता. एरवी तो कपाटावर असतो. त्याच्या आकड्याला बियाण्याची रिकामी पिशवी होती, आणि पिशवीत भुरीचे राखाडी केस.

मामांनी शहागडला चाळीस वर्षं शेती केली. पेरणीआधी बियाण्याला औषध चोळायचं तर किलोला किती, हे त्यांना अजून तोंडपाठ आहे.

मी आवाज उतरवला. "वजन किती भरलं तिचं?"

"तीन किलो," ते लगेच म्हणाले. मग पेपर खाली आला.

"औषध कोणतं?"

"शेळ्यांच्या गोचिडाचं. गावाकडच्या अप्पारावानं उरलेलं दिल्तं. तीस किलोच्या शेळीला तीन मिली. मी हिला पिसवांसाठी बराबर दहावा हिस्सा टाकला. एक थेंब जास्त न्हाई."

मला हिशोब तपासावा लागला नाही. तो बरोबर होता. पण काही औषधं मांजराच्या यकृताला मोडताच येत नाहीत. शेळीला, कुत्र्याला चालतात. तिथं वजनाचा भागाकार कामाचा नाही.

मामांनी काढून दिलेली बाटली खोकल्याच्या औषधाची निघाली, लेबल खरवडलेलं. मी भांड्यांच्या साबणानं, कोमट पाण्यात भुरीची मान दोनदा धुतली. तोवर मामांनी अप्पारावांना फोन लावला. "आरं, मूळ डब्यावर काय लिहिलंय ते जल्दी वाच. न्हाई, भाव नको, औषधाचं नाव!"

पर्मेथ्रिन. मांजरांना विषच.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "कधी लावलं?"

"सकाळी सहाला पाच कमी होते," मामा म्हणाले.

डॉक्टरांनी सुई दिली, सलाईन लावलं. "औषध कळलं, वेळ कळली, धुतलंत, हे बरं केलंत. तरी उद्यापर्यंत मी काही सांगणार नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी भुरी उभी राहिली. मागचा एक पाय अजून अधूनमधून थरथरत होता. डॉक्टरांनी पिसवांच्या औषधाची एक छोटी नळी पुढे केली, पुढच्या महिन्यात लावायला. मी खोक्यावरचं सगळं वाचलं. घटक, वजन, वय.

"मांजरांचंच आहे," ते हसले.

"हो," मी म्हणाले, आणि आतला कागदही उघडला.

रिक्षात टोपली मामांच्या मांडीवर होती.

"म्या तुला काल सकाळीच सांगितलं असतं," ते म्हणाले. "पण तू पोलिसावाणी विचारून राह्यली होती. त्या बाईलाही तसंच विचारलंस."

भुरीनं टोपलीच्या फटीतून पंजा काढला आणि त्यांच्या धोतरात नख अडकवलं. त्यांनी ते सोडवलं नाही.